शेरा : स्थलांतरित

पनवेल मागं टाकून जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानं निघालं की पळस्प्याच्या पुढं कोन लागतं. इथून एक रस्ता सावळ्यावरून रसायनीकडं फुटतो. दोन्ही अंगांना गोदामं, कंटेनरांच्या रांगा, मागं उंच इमारती. इथली २,४१७ घरं २०१६ च्या डिसेंबरात गिरणी कामगारांच्या सोडतीत निघाली. करोनाच्या काळात इथंच विलगीकरण केंद्रही होतं. कोणत्या इमारतीत किती खोल्या आणि कोणती खोली कुणाच्या नावावर, हे सगळं कागदावर आहे. या भागातल्या बांधकामांना विटा पुरवणाऱ्या भट्ट्यांवरची मुलं मात्र कुठल्या कागदावर आहेत, हे शोधण्यात माझी बरीच वर्षं गेली. संकटातल्या मुलांविषयी आपण काय जाणतो, कसं जाणलं आणि अजून काय नजरेआड आहे, याची ओळख करून द्यायची तर ती कोनमध्ये बसून करून द्यावी असं मला वाटलं ते यामुळंच.

२०२३ चा डिसेंबर होता. कोनच्या पलीकडं, रसायनी-खालापूरच्या अंगाला एका वीटभट्टीवर मी गेले होते. सकाळचे नऊ वाजले असतील. एक मुलगी विटा उलटत होती. पाडलेली कच्ची वीट वरच्या बाजूनं सुकली की ती कडेवर उभी करावी लागते, म्हणजे खालच्या ओल्या अंगाला ऊन मिळतं. काम जड नसतं, पण तासन् तास वाकून करावं लागतं आणि हलक्या हातानं, नाहीतर विटेचा कोपरा उडतो. म्हणून ते पोरांकडं येतं. ती ओळीनं पुढं सरकत होती. एका हातानं वीट उभी करायची, दुसऱ्या हाताच्या पालथ्या बाजूनं नाक पुसायचं. तिच्या मागं साधारण दोन वर्षांचा भाऊ त्याच ओळीतून चालत होता आणि तो विटांवर पाय देऊ नये म्हणून ती दर थोड्या वेळानं मागं बघत होती.

आईला विचारलं, "ताई, हिचं वय किती?"

"नोटा बंद झाल्या तेव्हा पोटात होती."

म्हणजे जन्म २०१७ चा, सातवं वर्ष चालू. जन्मदाखला नव्हता. शाळेत नाव होतं, गावाकडं त्यांच्या वाडीजवळच्या जिल्हा परिषद शाळेत, पहिलीत. पुढं त्या शाळेत जाऊन मी हजेरीपट पाहिला. दिवाळीपर्यंत तिच्या नावापुढं बऱ्यापैकी हजेरी होती. त्यानंतर रकाने मोकळे आणि शेवटी गुरुजींच्या नीटस अक्षरात शेरा : स्थलांतरित.

या एका शब्दाशी माझं भांडण आहे. गुरुजींशी नाही. त्यांनी खरं तेच लिहिलं होतं. पण तो शब्द लिहिला की वाडीवरच्या शाळेचं काम संपतं, आणि ती मुलगी जिथं जाते तिथं ते कुणाचं सुरू होत नाही. मधल्या सहा-सात महिन्यांत ती कुणाचीच नसते. मुलांवर येणारी संकटं बहुतेक वेळा अशा मधल्या जागेतच येतात.

भट्टीवरची गोष्ट अशी असते. पावसाळ्यात वाडीवर काम नसतं, घरात दाणे नसतात. तेव्हा भट्टीमालकाकडून किंवा मुकादमाकडून बयाणा घेतला जातो. कुणाच्या दुखण्यासाठी, कुणाच्या लग्नासाठी, बऱ्याचदा नुसतं जगण्यासाठी. दिवाळीनंतर टेम्पो येतो आणि भांडी, गोधड्या, कोंबड्या, पोरं असं सगळं बिऱ्हाड त्यात चढतं. भट्टीवर दर आठवड्याला खर्ची मिळते. हिशेब होतो तो जूनच्या तोंडावर, किती हजार विटा पाडल्या त्यावर. मजुरी हजारावर आणि नाव नवऱ्या-बायकोच्या जोडप्याचं. त्यामुळं मुलीनं उलटलेल्या विटा आई-बापाच्या हजारात जमा होतात. मालक शपथेवर सांगू शकतो की माझ्याकडं एकही बालकामगार नाही, आणि त्याच्या वहीपुरतं ते खरं असतं. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानं बंद झाली, बालमजुरीवर १९८६ पासून कायदा आहे, २०१६ च्या दुरुस्तीनं तो आणखी कडक झाला. पण मजुरी मोजायची रीतच अशी आहे की मूल त्यात दिसत नाही. जो संशोधक मालकाची वही उतरवून आणतो, तो मालकाचाच आकडा आणतो.

सरकारनं मुलं मोजायचा प्रयत्न केला नाही असं नाही. ४ जुलै २०१५ ला महाराष्ट्रात शाळाबाह्य मुलांचं एका दिवसाचं सर्वेक्षण झालं. शिक्षक दारोदार, स्टेशनांवर, नाक्यांवर फिरले आणि एकच मूल दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून मोजलेल्या मुलाच्या बोटाला शाई लावली. मेहनत मोठी होती, त्या शिक्षकांबद्दल मला आदरच आहे. पण दिवस जुलैचा होता. जुलैत वीटभट्टी थंड असते, ऊसतोडीचे फड बंद असतात. मराठवाड्यातली टोळी गावात असते, रायगडमधले कातकरी आपापल्या वाडीवर आलेले असतात आणि पोर शाळेत बसलेलं असतं. त्या दिवशी त्याच्या बोटाला शाई लागायचं काही कारणच नव्हतं. तीच मोजणी जानेवारीत केली असती तर उत्तर वेगळं आलं असतं. मुलांच्या संशोधनात कुठं मोजलं याइतकंच कधी मोजलं हे महत्त्वाचं असतं, आणि आपली पंचांगं सोयीची असतात, मुलांच्या हंगामाची नसतात.

या बाबतीत आपल्याकडं शिकण्यासारखं जुनं काम आहे आणि ते संशोधन म्हणून क्वचितच वाचलं जातं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढं १९५७ मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. बालवाडी काढली तर वारल्यांची पोरं येत नव्हती. त्यांनी पालकांना दोष दिला नाही. पोरं कुठं आहेत ते पाहिलं. लहान पोरं पाड्यावर, घराच्या अंगणात होती, म्हणून बालवाडी अंगणात नेली. अंगणवाडी हा आज देशभर चालणारा शब्द तिथला आहे. थोडी मोठी मुलं गुरांमागं होती, म्हणून शाळा कुरणात गेली, कुरणशाळा. गुरं चरताहेत, मुलं बसली आहेत, बाई शिकवताहेत. मूल शाळेत का येत नाही या प्रश्नाचं उत्तर त्यांनी प्रश्नावलीतून काढलं नाही, मुलाच्या मागं चालत जाऊन काढलं. मला विचाराल तर बालसंरक्षणाच्या अभ्यासाची मराठीतली पहिली धडपणे मांडलेली रीत तीच.

दुसरं उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं आणि त्यांच्याबरोबरच्या संस्थांनी बालमृत्यूंचा अभ्यास केला आणि २००१ मध्ये 'कोवळी पानगळ' हा अहवाल आला. गावात राहणाऱ्या माणसांनीच प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू लिहून ठेवला, तेव्हा सरकारी दप्तरात दिसणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त मुलं दगावत असल्याचं उघड झालं. घरी जन्मलेलं बाळ चार दिवसांत गेलं तर त्याचा जन्मच नोंदला जात नसे, मग मृत्यू कुठून नोंदला जाणार? त्या अहवालानं विधिमंडळापासून घराघरापर्यंत खळबळ उडाली. आधीच्या नोंदी खोट्या होत्या असं नाही; नोंद करणारा त्या घरापर्यंत पोचतच नव्हता.

इथपर्यंत मी नोंदीबाहेरच्या मुलांविषयी बोलले. पण नोंदीतली मुलंही अदृश्य असू शकतात, आणि ते सांगायला लांब जावं लागत नाही. ते पनवेलमध्येच घडलं आहे.

आधी शहापूर. २०१० मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात कवडास इथल्या मतिमंद मुलांच्या बालगृहात मुलं भुकेनं आणि कुपोषणानं मेल्याच्या बातम्या आल्या. मुंबई उच्च न्यायालयानं त्या बातम्यांची स्वतःहून दखल घेतली, त्यांचीच जनहित याचिका करून घेतली. अशी राज्यातली बालगृहं पाहण्यासाठी समिती नेमली. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्राध्यापक डॉ. आशा बाजपेयी तिच्या अध्यक्ष होत्या. समितीची माणसं एकेका बालगृहात जाऊ लागली. २०११ मध्ये ती पनवेल परिसरातल्या मतिमंद मुलींच्या एका बालगृहात आली, आणि आत जे चाललं होतं ते बाहेर आलं. मुलींवर बलात्कार होत होते, मारहाण होत होती, एका मुलीच्या मृत्यूचा प्रश्न होता. खटला उभा राहिला. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलींनी साक्षी दिल्या. मार्च २०१३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयानं संस्थाचालकाला फाशी सुनावली. पुढं उच्च न्यायालयात फाशी टिकली नाही.

शिक्षेचं काय झालं यापेक्षा मी एका वेगळ्या गोष्टीपाशी थांबते. त्या मुली हरवलेल्या नव्हत्या. बालगृहातलं प्रत्येक मूल कुणाच्या तरी आदेशानं तिथं येतं. त्याची फाइल असते, हजेरीपट असतो, आहाराचा तक्ता असतो, वैद्यकीय तपासणीच्या तारखा असतात. आपल्या व्यवस्थेत मूल जितकं कागदावर असू शकतं तितकं ते इथं असतं. मुलींना सांगता येत नव्हतं असंही नाही. पुढं त्यांनी न्यायालयात सांगितलंच. कुणीतरी त्यांच्याजवळ बसून, घाई न करता, त्यांच्या बोलण्याची रीत समजून घेऊन विचारायला हवं होतं, आणि त्या सांगतील ते खरं असू शकतं असं मानायला हवं होतं. तपासणी करणारा माणूस येतो तो कार्यालयात बसतो. चहा येतो, रजिस्टरं येतात, स्वच्छ कपडे घातलेल्या मुली रांगेत नमस्कार करतात. तपासणी होते आणि मूल दिसत नाही. मी स्वतः तरुणपणी अशा कार्यालयात बसून चहा घेतलेला आहे, रजिस्टरावर सही केलेली आहे. त्या संस्थेत काही वावगं होतं की नव्हतं हे मला आजही सांगता येणार नाही. मी पाहिलंच नव्हतं. त्याची मला शरम वाटते.

मुलांना एकत्र ठेवून सांभाळायची परंपरा आपल्याकडं मोठी आहे आणि आदराची आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते विधवांच्या मुलांना जन्मताच मरण येऊ नये म्हणून, आणि तिथं जन्मलेल्या यशवंताला स्वतःचा मुलगा केलं. १८७५ मध्ये पंढरपूरला प्रार्थना समाजाच्या माणसांनी टाकलेल्या मुलांसाठी आश्रम उभा केला. १९२४ मध्ये मुंबई इलाख्याचा मुलांचा कायदा आला, १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी. १९३६ मध्ये समाजकार्याचं शिक्षण देणारी टाटांची संस्था उघडली, आणि त्याच संस्थेच्या क्षेत्रकार्यातून १९९६ मध्ये मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन निघाली. इतकं सगळं याच मातीत झालं. त्यामुळं निराधार मूल दिसलं की आपल्या डोळ्यांसमोर पटकन आश्रम येतो. गेल्या सत्तर वर्षांतलं जगभरचं संशोधन मात्र आश्रमाऐवजी कुटुंबाकडं बोट दाखवतं. जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात हे मांडलं, आणि रुमानियातल्या बुखारेस्टमध्ये २००० नंतर झालेल्या अभ्यासानं ते मोजून दाखवलं. तिथल्या अनाथालयांतली १३६ बाळं घेऊन त्यातल्या निम्म्यांना चांगल्या सांभाळ-कुटुंबांत ठेवलं गेलं. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी, जवळीक, शरीराची वाढ सुधारली, आणि जी दोन वर्षांच्या आत गेली त्यांची विशेष सुधारली. पोटभर अन्न आणि स्वच्छ चादर असूनही, रोजचं एक ओळखीचं माणूस नसेल तर बाळ खुंटतं.

आपल्याकडं बालसंगोपन योजना आहे ती याच विचाराची. मूल संस्थेत टाकण्यापेक्षा आजी, मावशी, काका, एकटी आई यांच्याकडंच राहावं म्हणून घराला महिना रक्कम मिळते. बरीच वर्षं ती ४२५ रुपये होती, आता २,२५० आहे. बालगृहांतली बरीच मुलं अनाथ नसतात; त्यांना आई असते, घर असतं, फक्त त्या घराला मूल पोसणं झेपत नसतं. त्या आईला वेळेवर २,२५० रुपये मिळाले तर किती मुलं बालगृहाच्या दारापर्यंत येणारच नाहीत, हा मला या विषयातला सर्वांत निकडीचा प्रश्न वाटतो, आणि त्यावर नीट, गावपातळीवरचं काम फार थोडं आहे. अर्ज कुठं अडतो? मृत्यूच्या दाखल्यापाशी, रहिवासाच्या पुराव्यापाशी, बँक खात्यापाशी, की जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्यात बुडणाऱ्या मजुरीपाशी? वाडीवरच्या बाईला अलिबागची एक खेप म्हणजे पूर्ण दिवसाचा रोज आणि वर एसटीचं भाडं. आपण योजनेचे लाभार्थी मोजतो. दारातून परत फिरलेल्या बायका कुणी मोजत नाही.

वाडीवरच्या कातकऱ्यांचा विषय निघाला की २०२२ आठवतं. कातकरी हे महाराष्ट्रातल्या अतिदुर्बल मानल्या गेलेल्या तीन आदिवासी जमातींपैकी एक. दुसऱ्या दोन म्हणजे कोलाम आणि माडिया गोंड. रायगड-ठाण्याच्या डोंगरपट्ट्यात त्यांच्या वाड्या आहेत, तशा नाशिककडं इगतपुरीतही आहेत. तिथल्या एका वस्तीतली दहा वर्षांची एक मुलगी नगर जिल्ह्यात मेंढपाळाकडं कामाला ठेवलेली होती. त्या ऑगस्टमध्ये एका रात्री तिला बेशुद्ध अवस्थेत घरासमोर आणून टाकलं गेलं. काही दिवसांनी दवाखान्यात ती दगावली. मग चौकशी सुरू झाली, श्रमजीवी संघटनेची माणसं मागं लागली, आणि अशी आणखी मुलं सापडत गेली. कुठं काही हजार रुपये, कुठं एखादी मेंढी, एवढ्यावर वर्षानुवर्षं राबणारी.

बातम्यांत 'विक्री' हा शब्द आला. कायद्याच्या दृष्टीनं तो योग्यच, कारण हा गुन्हा आहे आणि त्याला गुन्हाच म्हटलं पाहिजे. पण वस्तीवर जाऊन बसलं तर आई 'विकली' असं म्हणत नाही. ती म्हणते, "ठेवली होती." तिथं दोन वेळ खाईल, दिवाळीला कपडे मिळतील, मुलगी जगेल, असा तिचा हिशेब होता. तो हिशेब भयंकर ठरला. तरी अभ्यासकानं तो ऐकून लिहून घेतला पाहिजे, कारण उद्या मूल परत आणून त्याच झोपडीत ठेवायचं असेल तर त्या हिशेबातली कुठली संख्या बदलायची हे त्यातूनच कळणार. मेंढपाळांचंही तसंच. वर्षातले आठ महिने कळपामागं चालणाऱ्या त्यांच्या स्वतःच्या मुलांच्या हजेरीपटावर काय शेरा असेल, हे मला न पाहताही सांगता येतं.

आता विचारण्याविषयी. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये मुलांवरच्या अत्याचाराचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. १३ राज्यांतली १२,४४७ मुलं त्यात होती, महाराष्ट्रही त्यात होता. निम्म्याहून जास्त, ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं. त्यातल्या बहुतेकांनी त्याआधी ते कुणालाही सांगितलं नव्हतं. घरात, शाळेत कुणी विचारलंच नसावं. या अभ्यासाचा पुढं मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या चर्चेत आधार घेतला गेला, आणि तो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला.

पॉक्सोनं अभ्यासकाचीही जागा बदलली. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं हे आता कुणाच्याही मर्जीवर नाही, कायद्यानं बंधन आहे. संशोधकही त्यातून सुटत नाही. त्यामुळं मुलांशी बोलताना जे वाक्य आपल्या तोंडी सहज येतं, "तू सांग, मी कुणाला सांगणार नाही", ते म्हणायचं नाही. मी नव्यानं काम करणाऱ्या मुला-मुलींना पहिली गोष्ट हीच शिकवते. जे वचन आपण पाळू शकत नाही ते मुलाला देणं म्हणजे त्याला आणखी एकदा फसवणं. त्याऐवजी असं सांगायचं : तू सांगितलंस त्यात तुला कुणी त्रास देतंय असं मला कळलं, तर मला मदत करणाऱ्या माणसांना ते सांगावं लागेल, आणि सांगण्याआधी मी तुला सांगेन. काही मुलं हे ऐकून गप्प होतात. होऊ द्यावीत. मी चौथ्या भेटीत बोललेली मुलं पाहिली आहेत, आणि दुसऱ्या भेटीला गेलेच नाही म्हणून कधीच न बोललेली मुलंही असणार.

आणखी एक. मुलाला प्रश्न विचारायचे ते त्याच्या भाषेत. कातकरी मूल प्रमाण मराठीतल्या प्रश्नाला "हो" म्हणतं, कारण समोरच्या बाईला "हो" हवं असावं असं त्याला वाटतं. आम्ही एकदा सगळ्यांना विचारलं होतं, "तुला घरी सुरक्षित वाटतं का?" सगळ्यांनी हो म्हटलं. मग वाडीवरच्या एका तरुणीनं तोच प्रश्न तिच्या पद्धतीनं विचारला : रात्री कुणाला भितोस? आणि उत्तरं यायला लागली. कुणी सापाला, कुणी मुकादमाच्या माणसाला, एकजण दारू पिऊन आलेल्या बापाला, आणि एक मुलगी ट्रकला, कारण झोपडी रस्त्याला लागून होती. सुरक्षितता हा आमचा शब्द होता. भीती त्यांची होती, आणि ती नेमकी होती.

मुलाचं नाव, गाव, चेहरा उघड करायला कायद्यानं बंदी आहे. ते योग्यच आहे, आणि म्हणून या पानांत आजच्या एकाही मुलाचं नाव नाही. पण नाव झाकताना मूलही झाकलं जातं, 'एक पीडित बालिका' एवढंच उरतं. म्हणून मी तिचं नाव न सांगता ती वीट कशी उभी करते ते सांगते.

कायद्याकडं पाहिलं तर तिच्यासाठी माणसं कमी नाहीत. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची लांब व्याख्या आहे, आणि कामाला जुंपलेलं मूल त्यात बसतं. जिल्ह्याला बालकल्याण समिती आहे, एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात निदान एक स्त्री. सापडलेलं मूल २४ तासांत समितीपुढं न्यायचं असतं. गावाला ग्राम बाल संरक्षण समिती असते, त्यात सरपंच असतात, अंगणवाडी ताई असतात. पण ग्रामसमिती गावातल्या मुलांची, आणि भट्टीवरचं मूल गावातलं नसतं. सरपंचांना विचारलं तर ते सांगतात, "ती बाहेरची माणसं आहेत." वाडीच्या सरपंचांना विचारलं तर, "ती बाहेर गेली आहेत." दोघांचंही बरोबर.

या मधल्या जागेसाठी शिक्षण खात्यानं एक कागद काढला आहे, शिक्षण हमी पत्रक. मूल स्थलांतराला निघालं की गुरुजींनी ते भरून द्यायचं, आणि जिथं मूल पोचेल तिथल्या शाळेनं ते पाहून त्याला वर्गात बसवायचं. दाखला लागत नाही, फी लागत नाही. भट्टीवरच्या त्या मुलीच्या आईला मी विचारलं, गुरुजींनी काही कागद दिला होता का? ती झोपडीत गेली. पत्र्याची पेटी उघडली. रेशनकार्ड, आधारच्या झेरॉक्स आणि दवाखान्याची चिठ्ठी एका प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली होती, त्यात चौपदरी घडी घातलेलं ते पत्रक होतं. गुरुजींनी सगळं भरलं होतं. वजाबाकी येत नाही, वाचन अक्षरापर्यंत, हेही लिहिलं होतं. नव्या शाळेनं भरायचा भाग कोरा होता.

"कुणाला दाखवलं का?"

"कुणी मागितलं नाही."

भट्टीपासून जवळची शाळा दीड किलोमीटरवर होती. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी गेलो, आई, मुलगी आणि मी. भाऊ आईच्या कडेवर. मुख्याध्यापिकांनी पत्रक पाहिलं, मुलीला पहिलीत बसवलं, आमच्यासमोर नाव लिहून घेतलं. मधल्या सुट्टीत तिनं खिचडी खाल्ली आणि उरलेली भावासाठी डब्यात मागितली. जानेवारीत ती बऱ्यापैकी जात होती. फेब्रुवारीत उन्हं वाढली, विटा लवकर सुकू लागल्या, काम वाढलं आणि हजेरी उतरली. मार्चमध्ये ती नऊ दिवस शाळेत होती. जूनमध्ये भट्टी बंद झाली.

२०२४ च्या दिवाळीनंतर मी पुन्हा त्या भट्टीवर गेले. त्या झोपडीत दुसरं बिऱ्हाड होतं. मुन्शीला विचारलं तर त्यानं वही चाळली. "मॅडम, त्यांनी या वर्षी दुसरीकडचा बयाणा घेतला. कल्याणच्या अंगाला गेलेत." वाडीवरच्या शाळेत गुरुजींनी या वेळीही पत्रक भरून दिलं होतं. त्यावर जाण्याच्या ठिकाणासमोर नुसतं कल्याण लिहिलं होतं, कारण आईलाही तेवढंच माहीत होतं. तिकडं काम करणाऱ्या दोघांना मी फोन केले. एका भट्टीवर त्या आडनावाचं कुटुंब आहे असं कळलं, पण त्यांना दोन्ही मुलगेच आहेत. दुसऱ्या भट्टीचा रस्ता विचारून ठेवला आहे. डोंबिवलीला उतरून पुढं रिक्षा करावी लागते. सोमवारी जायचं ठरलं आहे.